उद्घाटनापर्यंत

प्रशांत खरबे यांनी चिएकोला दोनदा फसवलं. एकदा मैदानावरून आणि एकदा तारखेवरून. दुसऱ्या वेळी मध्ये मी होते. हे मीच सांगून टाकते, कारण मी नाही सांगितलं तर खरबे पहिलं तेच सांगतील.

चिएको कोण, असं कुणी विचारलं तर काशीमीऱ्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने तिला पाहिलेलं आहे. हायवेला खरबेंच्या स्पोर्ट्स अकादमीचा मोठा फलक आहे. त्यावर हाताची घडी घालून उभी असलेली, रुंद खांद्यांची, न हसणारी बाई म्हणजे चिएको. लोक तिला नेपाळी समजायचे. ती जपानची. जपानच्या महिला रग्बी संघातून देशासाठी खेळलेली. एवढी मोठी खेळाडू आमच्या हायवेच्या धुळीत दीड वर्ष राहून गेली आणि तिचा फोटो सोडून कुणाला तिचं काही माहीत नाही, म्हणून मी लिहितेय.

माझं हायवेला ताडपत्रीचं दुकान आहे. ताडपत्री, दोर, ट्रकवर टाकायच्या जाळ्या, जुन्या ट्यूबा. नवरा गेल्यावर एका टपरीपासून सुरुवात केली. आज तीन गाळे आहेत, आणि ते तिन्ही घासाघीस करून उभे राहिलेत. चिएको पहिल्यांदा आली ती जुन्या ट्यूबा आणि फोम मागायला. पोरींना अंगावर झेपावायची सवय व्हावी म्हणून तिला जाड गाद्या बनवायच्या होत्या. मी सवयीने दुप्पट भाव सांगितला. तिने लगेच पाकीट काढलं.

"अहो, थांबा!" मी ओरडलेच. "असं लगेच द्यायचं नसतं. तुम्ही म्हणायचं, जास्त आहे. मी म्हणणार, परवडत नाही. मग तुम्ही निघायचं. पायरी उतरलात की मी हाक मारणार."

तिच्याबरोबर जवळच्या पाली या कोळ्यांच्या गावची वैष्णवी होती. कॉलेजात जाणारी, मासेमारी करणाऱ्या घरातली, खेळणाऱ्या पोरींमधली सगळ्यात दांडगी. ती हसून हसून दोरांच्या ढिगावर बसली. तिने चिएकोला हिंदी-मराठीची भेळ करून ते समजावलं. चिएकोने शांतपणे ऐकलं आणि मला विचारलं, "किंमत खोटी हाय?"

"खोटी नाही. सुरुवातीची आहे."

"मग शेवटची सांगा."

असं तोंडावर बोललं की मला संताप येतो. पण मी शेवटची सांगितली. गेल्या वीस वर्षांत तरी असं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मराठी ती पालीच्या पोरींकडून शिकली, त्यामुळे जपानी बाईच्या तोंडून 'हाय' आणि 'न्हाय' ऐकायला मजा यायची. पोरी तिला 'चिकू मॅडम' म्हणत. तिला चिकू म्हणजे काय ते कळलं तेव्हा तिने एक डझन आणून सालीसकट खाल्ले आणि म्हणाली, "चांगलं नाव हाय."

खरबेंनी तिला मेलवर लिहिलं होतं की अकादमीकडे हिरवं मैदान आहे, साठ मुलींचा संघ आहे. ती आली तेव्हा मैदान म्हणजे एका इमारतीच्या दुकानांवरची पार्किंगची गच्ची निघाली. खाली सिमेंटचे ब्लॉक आणि दोन गाड्यांचे तेलाचे डाग. मुली अकरा. रग्बीत एकमेकींना जमिनीवर पाडायचं असतं, आणि इथे पाडलं तर थेट दवाखान्यात. पहिल्या दिवशी ती त्या पार्किंगच्या तोंडाशी थांबली, दोन्ही हात मांड्यांना लावून कमरेत वाकली आणि मग आत गेली. जपानमध्ये मैदानात पाऊल टाकण्याआधी तसं वाकतात म्हणे. वॉचमन घाबरून उठून उभा राहिला. त्यालाच नमस्कार केला असं वाटलं बिचाऱ्याला.

आठवड्याभरात ती पोरींना घेऊन पालीच्या किनाऱ्यावर गेली. ओहोटीला तिथे ओली, घट्ट वाळू मिळते. मग सरावाची वेळ अकादमीच्या वेळापत्रकावर नाही, भरती-ओहोटीवर ठरायला लागली. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका सुरुवातीला अंगावर यायच्या. "ए जपानी! तुझ्या पोरी माझी मासली तुडवतान!" असं वैष्णवीची आईच ओरडायची. चिएको जाऊन तिच्यासमोर वाकायची, आणि मग तिच्या शेजारी बसून बोंबील उलटे करायला लागायची. तिचा हात बघून बायका गप्प झाल्या. तिचे वडील मच्छीमार होते. जपानच्या उत्तरेकडच्या एका थंड बंदरावर ती वाढली होती.

तिची खेळातली जागा पहिल्या रांगेतली. रग्बीत दोन्ही बाजूंच्या आठ-आठ जणी खांद्यात खांदे अडकवून, डोकी खाली घालून एकमेकींना रेटतात. त्याला स्क्रम म्हणतात. पहिल्या रांगेच्या कडेला जी असते तिला पुढून समोरच्या आठ जणींचा रेटा आणि मागून आपल्या जणींचा. मधे ती. मान हलवता येत नाही, मागे येता येत नाही, बघायला फक्त जमीन. मी म्हटलं, "हे काय सुखाचं काम आहे का गं?" ती म्हणाली, "न्हाय. पण तिथे मी एकटी नसते. सगळ्या जणी लागतात."

पोरींना ती दोनच गोष्टी सांगायची. एक, "परत." चुकलं तरी परत, जमलं तरी परत. दुसरी, पकडीबद्दल. "एकदा धरलं की शिट्टीपर्यंत सोडायचं न्हाय. तू सोडलंस तर तुझं काय होत न्हाय. दुसरीची मान मोडते." हे ती इतक्या हळू आवाजात सांगायची की अकराच्या अकरा पोरी श्वास रोखून ऐकायच्या. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "माझ्या गिऱ्हाइकांनाही सांग हे." ती हसली नाही. या बाबतीत ती कधीच हसत नसे.

तिची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांत कळली, दुकानात ताडपत्रीच्या घड्यांवर बसून चहा पिताना. शाळेत ज्युडो खेळायची. एका प्रशिक्षकाने तिचे खांदे पाहून रग्बीत ओढलं. गावातल्या संघात मुली पुऱ्या नव्हत्या, म्हणून म्हाताऱ्या पुरुषांबरोबर सराव केला. दिवसभर मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात उभं राहायचं, संध्याकाळी खेळायचं, जखम झाली तर दुसऱ्या दिवशी हातमोज्याच्या आत पट्टी बांधून पुन्हा कारखाना. बाविसाव्या वर्षी देशाचा शर्ट मिळाला. पहिल्याच सामन्यात समोरची तिच्यापेक्षा वीतभर उंच होती. "मग मी खाली गेले," ती म्हणाली. "ती उंच, मी खाली. खालून उचललं की उंच माणूस काय करनार?" हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मला एखादा अडेल सप्लायर वाकवल्यावर होतो तसा होता.

पण विश्वचषक तिच्या वाट्याला आला नाही. पहिल्या वेळी शेवटच्या यादीतून नाव गळलं. दुसऱ्या वेळी गुडघा गेला. ऑपरेशन झालं, क्लबने सोडून दिलं. तेव्हा तिच्या जुन्या प्रशिक्षकांनी खरबेंशी गाठ घालून दिली. शिकवत राहा, शरीर तयार ठेव, निवडीचं शिबिर लागलं की बोलावतो. खरबेंनी लेखी कळवलं होतं की शिबिरासाठी तिला मोकळं करू. ती तेहतीस वर्षांची होती. चौथी संधी नव्हती.

खरबेंनी तिला राहायला जागा दिली होती ती काशीगावाकडच्या एका नव्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर. त्या मजल्यावर दुसरं कुणी राहत नव्हतं. गेटवर वही होती. ती कधी गेली, कधी आली, कुणाबरोबर गेली, सगळं वॉचमन त्या वहीत लिहायचा. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली की वर धपधप आवाज येतो. ती व्यायाम करत होती. तेव्हापासून ती गादीवर उभी राहून उठाबशा काढायची. मी एकदा गेले तेव्हा ती खिडकीच्या जाळीला कपाळ टेकून खाली हायवे बघत होती. म्हणाली, "हा निळा ट्रक सकाळपासून इथेच हाय."

"ट्रॅफिक आहे. सुटेल."

"त्यालाबी असंच सांगितलं असंल."

पासपोर्ट खरबेंच्या ऑफिसात होता. व्हिसाची नोंदणी करायची म्हणून घेतला, तो परत दिलाच नाही. मागितला की म्हणायचे, "सेफमध्ये सेफ आहे, मॅडम."

शिबिराचं पत्र गणपतीच्या आधी आठ दिवस आलं. गणपती गेले की दुसऱ्या आठवड्यात शिबिर सुरू, आठवडाभराचं, त्यातूनच विश्वचषकाची यादी निघणार. ती पत्र घेऊन दुकानात आली, काउंटरवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी सरळ केलं. ती खरबेंकडे आधीच जाऊन आली होती. खरबे म्हणाले होते, "अहो, आपल्या दुसऱ्या शाखेचं उद्घाटन आहे. तुमच्या नावावर ॲडमिशन झालेत. बघू."

"बघू म्हणजे काय?" तिने मला विचारलं.

"बघू म्हणजे नाही," मी म्हटलं. "चल. मी बोलते."

आता इथे माझी पद्धत सांगायला हवी. मला एक हवं असेल तर मी तीन मागते. मग एखादं सोडते, रडल्यासारखं करून सोडते, म्हणजे समोरच्याला जिंकल्यासारखं वाटतं. आणि जे सोडते तेही शेवटचं नसतं. त्याला शेपूट लावायचं बाकी असतं. या हायवेवर हे सगळ्यांना माहीत आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांना माहीत आहे, भंगारवाल्याला माहीत आहे, खरबेंना तर माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माहीत नव्हतं फक्त माझ्या शेजारच्या खुर्चीत ताठ बसलेल्या बाईला. आणि तिला आधी समजावून आणायचं मला सुचलं नाही.

"या, शैलाताई," खरबे म्हणाले. "चहा, की थंड?"

"काही नको. पासपोर्ट आज पाहिजे. मोकळं केल्याचं पत्र आज पाहिजे. आणि पोरींना खरं मैदान पाहिजे."

"बाप रे. एकदम तीन?"

"तुम्ही कबूल केलेलंच मागतेय. वरचं काही मागत नाहीये."

"ताई, माझीही बाजू बघा ना. पत्रिका छापून तयार आहेत. गौरी गेल्या की लगेच उद्घाटन. फलकावर यांचा फोटो आणि स्टेजवर ह्याच नाहीत, मी पालकांना काय तोंड दाखवू?"

मी मनात हिशेब केला. गौरी गेल्यावर लगेच, म्हणजे शिबिराला चांगले दहा-बारा दिवस उरतात. हे सोडायला काहीच जात नाही. मी खुर्चीवर मागे रेलले, मोठा उसासा टाकला आणि म्हटलं, "बरं. राहील ती उद्घाटनापर्यंत."

पुढचं वाक्य तोंडात होतं. 'पण तारीख लिहून द्या, आणि पासपोर्ट आत्ता टेबलावर ठेवा.' ते बाहेर पडायच्या आत चिएको उभी राहिली. ती खरबेंसमोर वाकली. मग माझ्यासमोर वाकली.

"उद्घाटनापर्यंत राहते," ती म्हणाली.

"वा!" खरबेंनी टाळीच वाजवली. "याला म्हणतात खेळाडू. बघा ताई, शिका काहीतरी!" आणि त्यांनी फोन उचलून दुसऱ्याच कुणाशी बोलायला सुरुवात केली.

जिन्यात मी तिचा दंड धरला. माझा आवाज तळमजल्यापर्यंत गेला असेल. "अगं, मध्ये का बोललीस? ते शेवटचं नव्हतं!"

"तुम्ही बोललात. माझ्यासाठी. माझ्यासमोर."

"मी बोलले ते त्याला खेळवायला!"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. समोरच्या माणसाची भाषा आपल्याला येते असं वाटत होतं आणि ती येत नाही हे आत्ता कळलं, तसं बघत राहिली. "तुम्ही मोठ्या आहात," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या बाजूने धरलं. मी कशी सोडू?"

गौरी गेल्या. खरबेंचा निरोप आला की प्रमुख पाहुणे म्हणजे गणपती मंडळाचे अध्यक्ष, विसर्जनापर्यंत मोकळे नाहीत. अनंत चतुर्दशी झाली की लगेच. मी फोन लावला. "लगेच म्हणजे कधी?" "अहो ताई, लगेच म्हणजे लगेच." अनंत चतुर्दशी झाली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन लावला, तेव्हा खरबे अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "ताई, आता पितृपक्ष लागला. पक्षात उद्घाटन कसं करणार? तुम्ही तर धंदेवाल्या, तुम्हाला मी सांगायला पाहिजे का? आता घटस्थापनेला."

मी कॅलेंडर काढून बघितलं. पंधरा दिवस. आणि शिबिर बरोबर त्यातच. मी स्वतः पक्षात नवा माल भरत नाही. दुकानाला कुलूप नवीन लागलं तरी पक्ष संपेपर्यंत थांबते. आणि तारखेचा हिशेब करताना मला तो आठवला नव्हता. भांडायला मला तोंडच उरलं नव्हतं, कारण जे कारण त्यांनी दिलं ते मी आयुष्यभर पाळत आलेय.

मी चिएकोला ते समजावून सांगायला गेले. पूर्वजांचे दिवस आहेत, या दिवसांत शुभकार्य करत नाहीत. तिने नीट ऐकलं. म्हणाली, "आमच्याकडेबी पूर्वज घरी येतात. उन्हाळ्यात. आम्ही दिवे लावतो, नाचतो." मग तिने विचारलं, "तुमचे पूर्वज मला जाऊ देनार न्हाईत?"

"पूर्वजांचा काही संबंध नाही. हा माणूस हरामखोर आहे. चल, पोलिसांत जाऊ. तुझ्या वकिलातीत जाऊ."

"न्हाय."

"का न्हाय?"

"माझ्या सरांनी मला इथे पाठवलं. मी तक्रार केली तर त्यांची मान खाली जाते. आणि मी शब्द दिला. उद्घाटन झालं न्हाय."

मी तिला नाही नाही ते बोलले. मूर्ख म्हटलं, दगड म्हटलं. तू एवढी ताकदवान, त्या माणसाला एका हाताने उचलून बाहेर ठेवशील, आणि त्याच्यासमोर वाकतेस? ती म्हणाली, "हो." एवढंच.

शिबिर सुरू झालं त्या सकाळी ओहोटी होती, म्हणून सराव पालीलाच होता. मी दुकान उघडं टाकून गेले. मला भीती वाटत होती, कशाची ते सांगता येत नाही. तिने तीन पोरींना समोर उभं केलं आणि स्वतः एकटी खाली वाकली. वैष्णवी मधे. चौघींचे खांदे लागले. "रेटा," ती म्हणाली. पोरी रेटू लागल्या आणि ती हळूहळू पुढे सरकायला लागली. एक पाऊल, मग आणखी एक. पोरींच्या टाचा वाळूत रुतत मागे जात होत्या. बोंबलांच्या काठ्यांपासून ती त्यांना पाण्यापर्यंत घेऊन गेली. लाट गुडघ्यांपर्यंत आली तरी थांबली नाही. वैष्णवी रडायला लागली. "मॅडम, बस! पानी हाय!" तेव्हा चिएको थांबली. मग सगळ्यांना एकेक करून उभं केलं, त्यांच्या मानेवरून हात फिरवून बघितलं, कुणाला लागलं नाही ना म्हणून. पोरी वाट बघत राहिल्या की आता ती "परत" म्हणेल. ती म्हणाली, "घरी जा."

यादी लागली ती सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी. तिचं नाव असायचं कारणच नव्हतं. घटस्थापनेला थाटात उद्घाटन झालं. तिला नऊवारी नेसवली होती. खरबेंनी माइकवर सांगितलं की मायदेशाचं बोलावणं असूनही मॅडमनी आपल्या मुलांना पहिलं मानलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. शाल, नारळ, फोटो. मी शेवटच्या रांगेत बसले होते आणि मला उठून ओरडायचं होतं, पण ओरडणार काय? की हिला थांबवणारा शब्द माझाच होता? कार्यक्रम संपल्यावर खरबेंनी एका पाकिटात घालून तिचा पासपोर्ट तिच्या हातात दिला. मागावाही लागला नाही.

करार संपेपर्यंत ती आणखी तीन महिने राहिली. शिकवण्यात कसूर केली नाही. जायच्या दिवशी दुकानात आली आणि मला म्हणाली, "माझ्यामुळे तुम्हाला लई त्रास झाला. माफ करा." मी रडायच्या ऐवजी तिच्यावर खेकसले. म्हटलं, माफी तू मागतेस? निघ, विमान चुकेल. हेच माझं तिला शेवटचं बोलणं.

आता ती तिच्या गावी, त्याच डब्यांच्या कारखान्यात आहे. खेळत नाही. कधीतरी मेसेज येतो. पोरी कशा आहेत, वैष्णवी मान खाली ठेवते की नाही. खरबेंबद्दल एक अक्षर नाही. माझ्याबद्दलही नाही. तो फलक अजून हायवेला आहे, आणि त्यावर अजून 'आमच्या मुख्य प्रशिक्षक' लिहिलेलं आहे.

माझा भाग मी इथे लिहून दिला. तारीख बांधून घेतली नाही, बाईला आधी समजावलं नाही, दुसऱ्याच्या आयुष्यावर माझी दुकानदारी केली. हे मला कुणीही विचारावं, मी नाकारणार नाही.

खरबेसर, आता तुम्ही. पक्ष कधी लागतो ते कॅलेंडरात वर्षभर आधी छापलेलं असतं. 'गौरी गेल्या की लगेच' असं त्या दिवशी म्हणालात, तेव्हा उद्घाटन घटस्थापनेला करायचं हे तुमचं आधीच ठरलं होतं की नव्हतं? मला फोनवर सांगू नका. पालकांना सांगा, त्याच माइकवरून सांगा, आणि तिला पत्राने कळवा. हो की नाही, एका शब्दात. तुमचं उत्तर आल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.